टाकी धुऊनही गंज परत येतो तेव्हा: जुन्या मोटारसायकलच्या पेट्रोल टाकीची तपासणी, सफाई आणि लायनर

राजदूत, येझदी, आरएक्स१००, जुनी बुलेट, यांपैकी कुठल्याही गाडीच्या टाकीचा गंज एकदा काढला आणि प्रश्न कायमचा मिटला, असं क्वचितच होतं. टाकी धुतली, कार्ब्युरेटर साफ केला, महिना-दोन महिने गाडी बरी चालली की पुन्हा तेच रडगाणं. यामागे बहुतेक वेळा तीनच कारणं निघतात. पाणी अजूनही आत येतंय, गंज काढायला वापरलेलं ॲसिड जोडांमध्ये उरलंय, किंवा कॉकच्या (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीच्या) विरुद्ध बाजूचा तळाचा खळगा नीट साफच झालेला नाही. लायनर, म्हणजे टाकीला आतून द्यायचा लेप, हे यांपैकी एकाचंही उत्तर नाही, म्हणून त्याचा विषय इथे सगळ्यात शेवटी घेतला आहे.

लक्षणं

गाडी थंड असताना नीट सुरू होते, पाच-सात किलोमीटरनंतर दम सोडते, झटके मारते आणि बंद पडते. दहा मिनिटं उभी केली की पुन्हा चालू. चढावर किंवा फुल थ्रॉटलला हे जास्त जाणवतं.

मेनवर गाडी ठीक, पण रिझर्व्हवर टाकली की मिस करते. कॉकच्या आत दोन नळ्या असतात. मेनची उंच आणि रिझर्व्हची जवळजवळ तळाला टेकलेली. गाळ आणि पाणी तळाशी बसतं, त्यामुळे ते आधी रिझर्व्हमधून जातं. हे एकच लक्षण टाकीकडे बोट दाखवायला बऱ्यापैकी पुरेसं आहे. उलट, मेनवर बंद पडून रिझर्व्हवर सुरळीत चालत असेल तर टाकीत पेट्रोल कमी आहे किंवा मेनची नळी तुंबली आहे, एवढंच.

कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो. गंजाचा एक कण निडल आणि तिच्या सीटमध्ये अडकला की निडल पूर्ण बंद होत नाही आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळत राहतं. नवीन निडल टाकून आठवड्यात पुन्हा गळायला लागलं, तर दोष निडलचा नाही.

टाकीच्या खालच्या कडेला रंगावर बारीक फोड आले असतील, जोडाजवळ ओलसर डाग असेल, गाडी झाकून ठेवलेल्या जागी सकाळी पेट्रोलचा वास येत असेल, तर गंज आतून बाहेर पोहोचला आहे. अशा वेळी थेट खाली दिलेल्या गळतीच्या तपासणीकडे जा. तोवर गाडी चालवू नका. टाकीच्या बरोबर खाली तापलेलं इंजिन आहे.

आधी फुकटातल्या तपासण्या

गाडी बंद पडली की त्याच जागी टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत गेली आणि लगेच गाडी चालू झाली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलं आहे. पेट्रोल खाली उतरायचं तर तेवढी हवा वरून आत यायला हवी. ती आली नाही की आत निर्वात तयार होतो आणि पेट्रोलची धार बारीक होत होत थांबते. बारीक तार आणि थोडं पेट्रोल घेऊन भोक मोकळं करा. गंजाच्या नावाखाली उतरवलेल्या कितीतरी टाक्यांत खरी तक्रार एवढीच असते.

झाकणाने फरक पडला नाही तर फ्लोट चेंबरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि खाली बाटली धरा. पेट्रोल सलग येत राहिलं, तर टाकी, कॉक आणि पाइप यांचा दोष नाही; कॉइल, सीडीआय किंवा पॉइंट-कंडेन्सर हे ठिणगीचे (इग्निशनचे) भाग तापून दगा देतायत का ते बघा. धार आली आणि काही सेकंदांत आटली, तर वरून पुरवठा कमी आहे. हीच एक तपासणी न केल्यामुळे इग्निशनच्या तक्रारीसाठी टाकी ॲसिडने धुतली जाते.

आता पेट्रोलचा नमुना. गाडी रात्रभर मेन स्टँडवर उभी ठेवा. सकाळी गाडी न हलवता कार्ब्युरेटरकडचा पाइप सोडवा, कॉक रिझर्व्हवर करा आणि पहिलं पाव लिटर स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या. बाटली उन्हात धरून पाहा. तळाला लालसर भुकटी बसली तर गंज. तळाला वेगळा, बाटली हलवली की सरकणारा थर असेल तर पाणी. शंका वाटली तर त्यात खाण्याच्या रंगाचा एक थेंब टाका. पाण्याचा थर लगेच रंगतो, वरचं पेट्रोल तसा रंग धरत नाही.

पाणी दिसलं तर ते आलं कुठून हे आधी शोधा. २०२३ पासून आपल्याकडे पंपांवर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल यायला लागलं आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे झालं. त्यातलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. ठरावीक मर्यादेपर्यंत ते पाणी पेट्रोलमध्येच मिसळून राहतं, गाडीला कळतही नाही. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळं होतं आणि तळाशी जाऊन बसतं. साध्या पाण्याइतकाच, किंबहुना जास्त, हा थर पत्र्याला खातो. मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळी हवेत अर्धी भरलेली टाकी चार महिने पडून राहिली तर सप्टेंबरमध्ये काय दिसणार, हे सांगायला नको.

झाकणाचा रबर तपासायला टाकी रिकामी आणि कोरडी असताना झाकण लावून वरून तांब्याभर पाणी ओता. वरचं पाणी पुसून झाकण उघडा आणि तोंडाच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. बोट ओलं झालं तर रबर बदला. टाकीच्या खाचेत बसणारी झाकणं असतील तर त्या खाचेतून खाली जाणारी पाण्याची नळी मोकळी आहे का तेही बघा. ती तुंबली की वॉशिंग सेंटरच्या प्रेशरचं पाणी झाकणाभोवती तळं करतं आणि हळूहळू आत मुरतं.

कॉक आणि धार

पेट्रोलचा पाइप मोकळा ठेवून मिनिटभर बाटलीत धार घ्या. ताशी ६० च्या वेगाने ४० चा ॲव्हरेज देणारी गाडी तासाला दीड लिटर पिते, म्हणजे मिनिटाला फक्त २५ मिली. चढावर जोरात चालवताना याच्या दुप्पट-तिप्पट धरा. तेव्हा मिनिटाला १५० मिली येत असेल तर कॉक उत्तम आहे. ५०-६० मिलीवर आलं असेल तर जाळी भरली आहे. कॉक काढून जाळी ब्रशने साफ करा, फाटली असेल तर बदला, आणि कॉकचं रबर बदलूनच बसवा. जुनं रबर ई२० मध्ये फुगतं आणि आतली वाट अरुंद करतं, त्यामुळे जाळी साफ करूनही धार वाढत नाही.

पाइपमध्ये पारदर्शक फिल्टर जरूर लावा. पण तो आजारावरचा उपाय नाही, आजार दाखवणारी खिडकी आहे. शिवाय या गाड्यांत पेट्रोल फक्त स्वतःच्या वजनाने उतरतं, पंप नसतो. पंपावर चालणाऱ्या गाडीचा दाट कागदी फिल्टर लावला तर फिल्टरच अडथळा होऊन बसतो.

आत नजर टाका

टाकी रिकामी करून एलईडी टॉर्चने आत पाहा. साधा बल्ब, वायरला लटकवलेला होल्डर, लायटर यांपैकी काहीही तोंडाजवळ आणू नका. तोंडाच्या खालचा भाग सहज दिसतो आणि नेमका तोच बऱ्यापैकी स्वच्छ असतो. खरी जागा वेगळी आहे. टाकी फ्रेमच्या नळीवर खोगिरासारखी बसते, त्यामुळे आत डावा आणि उजवा असे दोन खळगे होतात. कॉक एकाच बाजूला असेल तर दुसऱ्या खळग्यातलं शेवटचं पेट्रोल आणि पाणी कधीच बाहेर येत नाही. टाकी काढून उलटी केली तरच ते निघतं. गंज सगळ्यात जाड तिथेच असतो. मोबाइलला जोडायचा स्वस्त एंडोस्कोप कॅमेरा मिळत असेल तर तो आधी घ्या, बाकी सगळं नंतर. मात्र टाकी पेट्रोलने भिजलेली असताना तो आत सोडू नका. टाकी धुऊन वास गेल्यावरच वापरा.

पिवळट पावडर बोटाला लागते, पण पत्रा गुळगुळीत आहे: सौम्य. तपकिरी खरखरीत थर, काडीने खरवडला तर खाली काळपट पत्रा लागतो: मध्यम, घरी निघतो. काडी लावताच पोह्याएवढ्या खपल्या सुटतात आणि खाली खड्डे दिसतात: गंभीर. अशा टाकीत गंजच भोकं बुजवून बसलेला असू शकतो आणि तो निघाला की टाकी गळायला लागते. आधीच एखादा लायनर आत असेल आणि त्याचे पापुद्रे लोंबत असतील, तर घरगुती ॲसिड त्याच्याखाली पोहोचत नाही. तो लायनर पूर्ण काढावा लागतो आणि ते काम घरचं नाही.

गळतीची तपासणी

खालचा जोड आणि कॉकभोवतीचा भाग रंग-पुट्टी काढून उघडा करा. एम-सीलचा गोळा दिसला तर तो उचकटा. त्याखाली काय दडलंय ते बघितल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. मग खडूची पूड पाण्यात कालवून जोडावर लावा आणि वाळू द्या. आत अर्धा लिटर रॉकेल, ते मिळत नसेल तर डिझेल ओता आणि टाकी त्या बाजूवर कलती ठेवून द्या. डोळ्यांना न दिसणारं भोक असलं तरी तासाभरात पांढऱ्या खडूवर डाग उमटतो. पेट्रोल वापरलं तर ते डाग दिसायच्या आत उडून जातं.

हवेचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने तपासायचं असेल तर सायकलच्या पंपाने, २ ते ३ पीएसआयच्या वर अजिबात नाही. कॉम्प्रेसर लावला की टाकीच्या सपाट बाजू फुगतात आणि त्या मूळ आकारात परत येत नाहीत.

स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने जोडाजवळ मध्यम जोराने टोचून पाहा. पत्रा दबला किंवा टोक आत गेलं, तर इथेच थांबा.

गंज काढणे

इथून पुढचं सगळं मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून करा. टाकीवरून झाकण, कॉक, काटा किंवा सेन्सर असेल तर तोही काढा. दोन बोल्टांवर बसणाऱ्या कॉकच्या जागी पत्र्याची पट्टी आणि जुन्या ट्यूबचा तुकडा लावून भोक बंद होतं. आटे असलेल्या कॉकला त्याच मापाचं बूच शोधा. जुना कॉकच बंद करून ठेवणं टाळा, त्यातलं जस्ताचं ओतीव ॲसिडमध्ये खाल्लं जातं. बाहेरच्या रंगावर प्लॅस्टिक गुंडाळा आणि तोंडाच्या कडेला व्हॅसलीन चोपडा. ॲसिडचा एक ओघळ जुना मूळ रंग कायमचा डागाळतो.

पहिली धुलाई तेल काढण्यासाठी असते आणि नेमकी तीच वगळली जाते. राजदूत, येझदीसारख्या गाड्यांत तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, त्यामुळे आत तेलाचा आणि शिळ्या पेट्रोलच्या राळेचा पडदा असतो. ॲसिड त्या पडद्यावरून नुसतं वाहून जातं आणि गंज जिथल्या तिथे राहतो. १२ लिटरच्या टाकीला ४००-५०० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि दोन-तीन चमचे भांडी घासायचं लिक्विड, हे सगळं हात भाजेल न भाजेल अशा गरम पाण्यात. अर्धा तास हलवत राहा, ओता, पुन्हा करा. पेट्रोलचा वास पूर्ण गेला की साध्या पाण्याने खळखळून धुवा.

खपल्या असतील तर त्या आधी घासून काढा. गिट्टी किंवा खडी टाकू नका, तिचा चुरा कोपऱ्यात बसतो. एम६ किंवा एम८ चे नट चालतात, पण आत टाकण्यापूर्वी वजन करा आणि काढल्यावर पुन्हा वजन करा. एक नट आत राहिला तर पुढची दहा वर्षं खळखळत राहील. सायकलच्या जुन्या चेनचा हातभर तुकडा एका तारेला बांधून वापरला तर तो एका ओढीत बाहेर येतो, मोजायची भानगडच नाही. टाकी सगळ्या बाजूंनी फिरवा. दोन्ही खळगे वेगवेगळे, प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं.

ॲसिडमध्ये पहिली पसंती सायट्रिक ॲसिडला, म्हणजे लिंबूसत्त्वाला. लिटरला ५० ते ७५ ग्रॅम, तेव्हा १२ लिटरच्या टाकीला ६०० ते ९०० ग्रॅम. पाणी ५०-६० अंशांपर्यंत गरम असेल तर काम निम्म्या वेळात होतं. टाकी काठोकाठ भरा. अर्धी भरली तर छताचा गंज तसाच राहतो, आणि हवेतला ओलावा थंडीत छतालाच जमत असल्यामुळे तिथे गंज असतोच. झाकण घट्ट लावू नका, आत हायड्रोजनचे बुडबुडे तयार होतात. चार तासांनी थोडं ओतून पाहा. सौम्य गंज सहा-आठ तासांत निघतो. जाड असेल तर द्रावण एकदा बदलून २४ तासांपर्यंत जा, त्यापुढे नको. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असतो. गंज संपल्यावर ॲसिड तोच खायला लागतं.

संडास धुण्याचं ॲसिड अनेक गॅरेजांत सर्रास वापरलं जातं, कारण ते अर्ध्या तासात टाकी पांढरी करून दाखवतं. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. चांगला पत्रा आणि गंज यांत ते फरक करत नाही. त्यातलं क्लोराइड जोडाच्या घडीत शिरतं, चार वेळा धुऊनही पूर्ण निघत नाही आणि आतून पुन्हा गंज सुरू करतं. 'ॲसिड मारून आणली, महिन्यात परत लाल झाली' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. ते वापरू नका, गॅरेजवाल्यालाही वापरू देऊ नका.

बॅटरी चार्जर आणि धुण्याचा सोडा वापरून इलेक्ट्रोलिसिसनेही गंज सुंदर निघतो, विशेषतः पातळ झालेल्या पत्र्याचा, कारण त्यात चांगलं लोखंड खाल्लं जात नाही. टाकीला ऋण, मध्ये टाकीला कुठेही न टेकणाऱ्या साध्या लोखंडी सळईला धन. सळई स्टीलची, म्हणजे स्टेनलेसची, घेऊ नका. त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. टाकीत पेट्रोलचा वास जराही असेल किंवा जागा बंदिस्त असेल तर हा मार्ग सोडून द्या. चार्जर आधी बंद, मगच क्लिप काढायची; ठिणगी आणि हायड्रोजन एकत्र येता कामा नये.

ॲसिडनंतरचा पाऊण तास

सगळं काम यावर ठरतं. उघडा पत्रा ओला असताना हवेत राहिला तर काही मिनिटांत नारिंगी होतो. त्यामुळे ॲसिड ओतण्यापूर्वीच पुढचं सगळं हाताशी तयार ठेवा.

ॲसिड ओतलं की लगेच १०० ग्रॅम खायचा सोडा विरघळवलेलं पाणी काठोकाठ भरा. फेस येईल, तोंड उघडंच ठेवा. दहा मिनिटं हलवून ओता. हाच प्रकार पुन्हा एकदा, या वेळी टाकी उलटी-सुलटी करून, म्हणजे जोडांतलं ॲसिडही मरेल. शेवटची धुलाई बोअरच्या पाण्याने करू नका, त्यात क्षार असतात. आरओचं किंवा बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी दोन लिटर पुरतं. मग ब्लोअरची हवा आत सोडा. व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू चालते, ओढणारी नाही. ओलावा दिसेनासा झाला की २०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आत फिरवून ओता. कोपऱ्यात राहिलेलं पाणी ते सोबत घेऊन येतं. त्यानंतर हेअर ड्रायर किंवा कुठलीही उष्णता नको, तोंड उघडं ठेवून उन्हात ठेवा.

वापरलेलं ॲसिड सोड्याने फेस थांबेपर्यंत निवळवा आणि मगच भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा. विहिरीजवळ किंवा झाडांच्या आळ्यात नको. गाळ मिसळलेलं पेट्रोल गटारात ओतणं हा तर निव्वळ आगीला आमंत्रण देण्याचा प्रकार.

पत्रा धड असेल, खड्डे वरवरचे असतील आणि खडूच्या चाचणीत डाग आला नसेल, तर इथेच थांबा. १०० मिली टूटी तेल (टू-स्ट्रोक इंजिनचं तेल) आत सगळीकडे फिरवा, उरलेलं ओता, कॉक लावा आणि टाकी पेट्रोलने पूर्ण भरा. लायनर लावू नका.

लायनर कधी, आणि कसा

चांगल्या पत्र्यावर लायनर लावणं म्हणजे नवीन समस्या विकत घेणं. नीट न चिकटलेला लायनर वर्ष-दोन वर्षांत पापुद्रे सोडतो, ते कॉकच्या जाळीवर चादरीसारखे बसतात आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. खोल खड्डे पडलेले आहेत किंवा भोकं ब्रेझिंगने (पितळ वितळवून) बुजवली आहेत आणि दुसरी टाकी मिळत नाही, तेव्हाच लायनरला अर्थ आहे. भोकावर नुसता लायनर ओतून भोक बुजतं हा समज सोडा; धातूचं काम आधी, लायनर नंतर.

डब्यावर इथेनॉल किंवा ई२० चा उल्लेख असलेलाच घ्या. जुन्या पद्धतीचे काही लायनर इथेनॉलमध्ये मऊ पडतात. दोन भाग मिसळायचा नोव्होलॅक प्रकारचा (रसायनांना सहज दाद न देणारा) इपॉक्सी सगळ्यात टिकाऊ. साधा घरगुती चिकटवायचा इपॉक्सी पातळ करून ओतण्याचा जुगाड करू नका, पेट्रोलमध्ये तो हळूहळू मऊ होतो.

ओतण्यापूर्वी टाकीला फॉस्फोरिक ॲसिडचा तयार गंजरोधक द्रव द्या. त्याने पत्र्यावर राखाडी फॉस्फेटचा थर बसतो आणि लायनर त्यालाच पकडतो. चकचकीत पत्र्यावर पकड कमी. त्यानंतर टाकी खडखडीत कोरडी हवी. कोकणात जून ते सप्टेंबर हे काम हातीच घेऊ नका. हवेतल्या ओलाव्याने काही लायनर फेसाळतात, काही चिकटच राहतात.

साधारण १०-१५ लिटरच्या टाकीला २५० मिली पुरतं, तरी डब्यावर लिहिलेलं प्रमाण शेवटचं. कॉकच्या आणि झाकणाच्या आट्यांना ग्रीस लावून बुचं बसवा. टाकीतून आरपार जाणारी पाण्याची किंवा हवेची नळी असेल तर तिच्यात तेल लावलेली तार घालून ठेवा, नाहीतर ती आतून कायमची बंद होईल. लायनर ओतून टाकी हळू, एकेका बाजूवर थांबत, वीस ते तीस मिनिटं फिरवा. हे झालं की जास्तीचा माल बाहेर काढा. इथेच बहुतेकांचं काम फसतं. 'जास्त राहिला तर जास्त मजबूत' असं वाटतं, पण खळग्यात साचलेला जाड गोळा आतून नीट वाळत नाही, वरून कातडी धरतो आणि नंतर तडकतो. कॉकच्या भोकातून निथळू द्या, टाकी दुसऱ्या बाजूला कलवून पुन्हा निथळू द्या, आणि माल घट्ट होण्याआधी आटे पुसून घ्या, नळीतली तार ओढून काढा. डब्यावर चार दिवस लिहिले असतील तर चार दिवस. बोटाला कोरडं लागलं म्हणून दुसऱ्या दिवशी पेट्रोल भरलं की आतला भाग मऊ पडलाच समजा.

इथे थांबा आणि टाकी जाणकाराकडे द्या

उष्णता लागणारं कुठलंही काम: डाग देणं (सोल्डरिंग), ब्रेझिंग, वेल्डिंग. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. हवेत पेट्रोलची वाफ दीड टक्क्याच्या आसपास झाली की ठिणगीने भडका होतो. १२ लिटरच्या टाकीत तेवढी वाफ व्हायला साधारण एक मिलिलिटर पेट्रोल पुरतं, आणि तेवढं तर जोडाच्या घडीतच दडून राहतं. म्हणून वेल्डरला आधी विचारा की टाकी कशी तयार करणार. गरम पाण्याने किंवा वाफेने धुऊन, जोडकामाच्या जागेपर्यंत पाण्याने भरून किंवा आत आर्गॉन, कार्बन डायऑक्साइड सोडून करतो असं उत्तर आलं तर द्या. 'पेट्रोल काढलंय ना, काही होत नाही' असं उत्तर आलं तर टाकी उचला आणि बाहेर पडा. रेडिएटरचं काम करणाऱ्यांना पातळ पत्र्याची सवय असते, तिथे आधी विचारा.

क्रोमची मूळ टाकी, मग ती जावाची असो वा येझदीची: घरी ॲसिड नको. आधीचा लायनर असलेली टाकी, जोड मऊ पडलेली टाकी, आणि टाकीच्या आतच पेट्रोल पंप असलेली फ्युएल इंजेक्शनची गाडी, यांनाही हात लावू नका. दोनपेक्षा जास्त ठिकाणी पत्रा टोचला गेला असेल तर दुरुस्तीपेक्षा चांगली जुनी टाकी शोधणं स्वस्त पडतं.

टाकी परत बसवल्यावर

पाइप, कॉकचं रबर आणि झाकणाचं रबर नवीन टाका, फिल्टर नवीन लावा. कार्ब्युरेटर आता खोलून साफ करा, आधी नाही. आधी केला तर टाकीतून सुटलेला उरलासुरला कचरा पुन्हा त्यातच जातो. पहिली पाच-सहाशे किलोमीटर फिल्टरकडे लक्ष ठेवा. पहिल्या टाकीला थोडी धूळ येणं ठीक आहे, तिसऱ्या टाकीलाही लाल भुकटी येत असेल तर एखादा खळगा राहिला आहे.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी गाडी चालत असेल तर टाकी भरलेली ठेवा, आत हवा कमी म्हणजे ओलावाही कमी. दोन-तीन महिने गाडी उभीच राहणार असेल तर ई२० भरून ठेवणं बरोबर नाही. टाकी पूर्ण रिकामी करा, विरुद्ध खळग्यासह, फ्लोट चेंबरही रिकामा करा आणि टाकीत थोडं टूटी तेल फिरवून झाकण लावा. महिन्यातून एकदा, सकाळी गाडी हलवण्याआधी, रिझर्व्हवरून कपभर पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून बघा. स्वच्छ असेल तर परत टाकीत ओता.